दोन भागीरथा आणि एक बटण

रुपेश नागपूरच्या कंपनीत प्रोग्राम लिहायचा आणि त्याची आई भागीरथाबाई हिंगणीला शेती करायची. शेत जंगलाला लागून होतं. विहिरीजवळच्या चिखलात वाघाचे पंजे उमटलेले दिसले, तेव्हा रुपेशनं सुट्टी काढली, मोटरच्या स्टार्टरमध्ये सिमकार्डाचं यंत्र बसवलं आणि आईच्या मोबाइलवर एक हिरवं, एक लाल बटण आणून दिलं. आता आई ओसरीवर बसून गव्हाला पाणी देऊ लागली.

प्रोग्रामच्या लेखी प्रत्येक मोटर म्हणजे एक स्वतंत्र वस्तू होती, आणि ती शोधायला काहीतरी खूण लागत होती. रुपेशनं मालकाचं नाव हीच खूण धरली. कंपनीत कुणी असं केलं असतं, तर त्यानं ते काम दोन शब्द सुनावून परत पाठवलं असतं. पण हे घरचं काम होतं. मोटर एक आणि आई एक.

वाघ मात्र एकाच विहिरीवर फिरत नव्हता. गावात आणखी बऱ्याच जणांनी यंत्र मागितलं. रुपेशनं सामान पाठवलं, गावातल्या वायरमननं ते बसवलं आणि नावंही टाकली. त्यात आणखी एक भागीरथाबाई होत्या. गावाचा यात कधी घोटाळा होत नसे. रुपेशची आई वरच्या वेटाळातली, म्हणजे वरच्या वस्तीतली, आणि दुसरी खालच्या वेटाळातली. दोघींची शेतं एकाच धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून होती आणि त्या धुऱ्यावर तुरी कुणी पेरायच्या यावरून दोघी कित्येक वर्षं बोलत नव्हत्या.

खालच्या भागीरथाबाईंनी पहिल्यांदा हिरवं बटण दाबलं, तेव्हा प्रोग्रामनं भागीरथा नावाची मोटर शोधली. जी आधी सापडली ती रुपेशच्या आईची. ती सुरू झाली. आपली मोटर लागत नाही म्हणून खालच्या भागीरथाबाई दिवसभर बटण दाबत राहिल्या. आईच्या गव्हाची वाफ्यासारखी बांधी भरली, पाणी फुटलं आणि बाजूच्याच तिच्या फुलोऱ्यातल्या हरभऱ्यात शिरलं.

आईचा फोन आला तेव्हा रुपेश कामात होता. त्यानं तिथूनच पाहिलं आणि घोटाळा त्याच्या ध्यानात आला. एकाच नावाच्या दोन मोटरी आहेत, यंत्राला त्यातला फरक कळत नाही, असं त्यानं आईला समजावलं.

"म्हंजे तुह्या मशीनले मी अन् थे एकच दिसतो?" आईनं विचारलं. हरभऱ्यापेक्षा हे तिला जास्त लागलं होतं.

रुपेशनं जेवणाच्या सुट्टीत दुरुस्ती केली. एक झाली भागीरथा-एक, दुसरी भागीरथा-दोन. फोनना आकडे दिले ते नोंदणीच्या क्रमानं, आणि मोटरींना दिले ते पूर्वेकडून. नोंदणीत आई पहिली होती, पण पूर्वेला खालच्या भागीरथाबाईंचं शेत होतं. म्हणजे आता आईनं बटण दाबलं की त्यांची मोटर लागायची आणि त्यांनी दाबलं की आईची.

हे आधी कळलं खालच्या भागीरथाबाईंना. त्या विहिरीवर उभ्या राहून बटण दाबत होत्या आणि आवाज धुऱ्यापलीकडून येत होता. दोनचार वेळा चालूबंद करून त्यांनी खात्री केली. मग त्या सरळ वरच्या वेटाळात गेल्या आणि रुपेशच्या आईसमोर उभ्या राहिल्या.

"तुह्यं बटन दाब," त्या म्हणाल्या. "मले पाणी पाह्यजे."

आईनं दाबलं. इतक्या वर्षांनी दोघींमध्ये झालेलं हे पहिलं बोलणं. मोटर लागली की नाही हे कळायला गडी शेतातून येईपर्यंत थांबणं भाग होतं, म्हणून आईनं चहा टाकला. त्यानंतर फोन सुरू झाले. पहिल्यांदा नुसतं 'लाव' आणि 'बंद कर'. पण बांधी भरायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ फोन कानाला लावून गप्प बसणं दोघींनाही जमण्यासारखं नव्हतं.

यातलं काही रुपेशला ठाऊक नव्हतं. आईची तक्रार आली नाही, म्हणजे दुरुस्ती बरोबर झाली, असं त्यानं धरून ठेवलं. पुढं केळझरच्या लोकांनी यंत्र मागितलं, म्हणून त्यानं प्रोग्राम पुन्हा उघडला आणि एक भलताच आकडा भलत्याच आकड्याला जोडलेला पाहून त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्यानं सगळं पद्धतशीर केलं. प्रत्येक मोटरीला आपला वेगळा क्रमांक, त्याच्याशी बरोबर माणसाचा फोन. नाव फक्त दिसण्यापुरतं. आपली चूक आपणच कशाला सांगा, म्हणून तो कुणाशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी खालच्या भागीरथाबाईंनी फोन करून 'लाव' म्हटलं. आईनं बटण दाबलं. तिची स्वतःचीच मोटर लागली आणि तासाभरानं कापणीला आलेला हरभरा पाण्यात उभा होता. धुऱ्यापलीकडचा गहू कोरडाच राहिला. वरच्या भागीरथेनं मुद्दाम बटण दाबलं नाही, असं खालच्या वेटाळात बोललं जाऊ लागलं. तुरींचाही विषय निघाला.

"तू काई केलं का त्या मशीनले?" आईनं फोनवर विचारलं.

रुपेशनं सांगितलं, की आता एकदम बरोबर केलं आहे. तुझं बटण, तुझी मोटर. कुणाला विचारायची गरज नाही.

"पह्यले होतं तसंच करून दे."

"आई, ते चुकलेलं होतं."

"मंग आता तिले फोन कायच्या निमित्तानं करू?" आई म्हणाली.

नावामुळे चुकून झालेला घोटाळा मुद्दाम, पक्का बसवायला रुपेशचा अख्खा रविवार गेला. शिवाय खालच्या भागीरथाबाईंना आपण स्वतः फोन करून सगळा दोष कबूल करायचा, असंही त्यानं ठरवलं. संध्याकाळी काम संपल्यावर त्यानं आधी आईला फोन लावला. ती दुसऱ्या कॉलवर होती. मग त्यानं खालच्या भागीरथाबाईंना लावला.

त्याही दुसऱ्या कॉलवर होत्या.