कडू दुधीच्या पेल्याची हकीकत

श्रीअन्नपूर्णा चुलीशी उभी असो, श्रीधन्वंतरी उंबऱ्याशी बसो, आणि ज्याच्या त्याच्या जठरातील अग्नी ज्यास त्यास सांभाळून घेवो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी एका राज्यात जे वर्तमान घडले ते येथे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही.

राज्य विस्ताराने लहान. दिवाणखाना, मुदपाकखाना, शयनगृहे आणि पुढे तुळशीचे अंगण, इतकाच मुलूख. परंतु शिस्त ऐसी की शेजारची राज्ये नावाजीत. गादीवर हैबतराव महाराज होते, आणि हुकूम त्यांच्या मातोश्री सगुणाआईसाहेब यांचा चाले. पहाटे उठावे, जीभ घासावी, कोमट पाणी बसून घोट घोट प्यावे, तळपायास काशाच्या वाटीने तूप चोळावे, सूर्य मावळल्यावर हलके जेवावे, तापात मुगाचे कढण घ्यावे, पोट बिघडले तर मेतकूट-भात आणि वर तुपाची धार, खोकल्यास हळद आणि गूळ, ऐसी आईसाहेबांची आरोग्यनीती, आणि तिने कित्येकांस अंथरुणातून उठविले हे त्यांचा शत्रूही नाकारणार नाही. त्या नीतीचे मुख्य कलम हे, की पेल्यात ओतले ते एका दमात प्यावे आणि तोंड वाकडे करू नये. कोणी केलेच तर आईसाहेब रागे भरत नसत, नुसते पाहत. आणि ते पाहणे सोसण्यापेक्षा माणूस दुसरा पेला मागून घेई.

महाराजांच्या राणी मैनावती ज्या माहेराहून आल्या तेथे काढा पिताना माणसे नाक धरीत, हसत आणि वर गुळाचा खडा चघळीत. सासरच्या पहिल्या पाडव्यास कडुनिंबाची चटणी जिभेवर ठेविली आणि राणीसाहेबांचे डोळे गच्च मिटले, तो आईसाहेब भरल्या पंगतीत बोलिल्या, "सूनबाई, तुमच्या माहेरी औषधही साखरेत घोळवितात की काय?" पंगत हसली, महाराजही हसले, आणि त्या दिवसापासून मैनाराणींनी या घरात कशाची चव कशी लागली हे कोणास सांगितले नाही. गुळवेल प्याल्या, कारले जेविल्या, मेथ्या गिळल्या, आणि चेहरा देवघरातल्या समईसारखा स्थिर ठेवावयास शिकल्या.

ऐसे चालले असता महाराजांचे पोट पुढे आले, जिना चढता धाप लागू लागली, आणि राजवैद्य निळोपंतांनी दंडास पट्टा गुंडाळून रक्ताचा दाब पाहिला व मान हालविली. मग आईसाहेबांनी फर्मान काढिले, की आजपासून थोरांनी अनशापोटी कच्च्या दुधीचा रस घ्यावा. मिक्सर नामे तोफ मुदपाकखान्यात रोज पहाटे गर्जू लागली, आणि दुधी चिरण्यापूर्वी देठाकडची चकती कापून चाखावी हा जो जुना रिवाज, तो मैनाराणींकडे सोपविला गेला. महिना बरा गेला. महाराजांचा कमरपट्टा एक भोक मागे आला आणि आईसाहेबांची मान एक वीत वर गेली.

मग तो गुरुवार उजाडला. दुधी आदल्या सायंकाळी आईसाहेबांनी स्वतः हातगाडीवरून निवडून आणिला होता, नख रोवून कोवळा आहे हे पारखले होते, आणि भाजीवाल्यास "असा माल रोज आणीत जा" ऐसे शाबासकीचे बोलही दिले होते. हिरवागार, लांब, डाग म्हणून नाही. मैनाराणींनी देठाची चकती कापली, जिभेवर ठेविली, आणि ती जीभ जागच्या जागी आखडली. कडुनिंब कडू असतो, कारले कडू असते, परंतु हे कडूपण निराळे होते. ते घशात उतरून तेथेच नख लावून बसले, आणि पाणी पिऊनही गेले नाही. राणीसाहेबांनी चकती बोटांत धरिली आणि मनात म्हणाल्या, हे बरे नव्हे. मग म्हणाल्या, की माझीच जीभ माहेरची, लाडावलेली. मग म्हणाल्या, की दुधी आईसाहेबांनी पारखलेला, त्यास कडू म्हणणे म्हणजे त्यांच्या नखास खोटे म्हणणे. तितक्यात देवघरातून हाक आली, "सूनबाई, आज तोफ मुकी का?" आणि मैनाराणींच्या तोंडून निघून गेले, "लाविते, आईसाहेब." बटण दाबिले, आणि यंत्राच्या आवाजाखाली आपल्या छातीचा आवाज लपला याचे त्यांस बरे वाटले.

रस गाळून पेल्यांत ओतला. महाराज आले, पाटावर बसले आणि आपल्या वाटणीचा पेला एका दमात रिता करून खाली ठेविते झाले. तोंड वाकडे केले नाही. केवळ डोळ्यांत पाणी आले, ते पुसून म्हणाले, "राणीसाहेब, आजच्या रसात तुमचा राग मिसळला की काय?"

"राग कशाचा," मैनाराणी म्हणाल्या, आणि पुढचे शब्द दातांशी येऊन थांबले.

"ज्यात कडूपणा अधिक त्यात गुण अधिक," आईसाहेब जपमाळ ठेवून येत येत म्हणाल्या. "हैबत, पाठ सरळ करून बस." आणि आपला पेला उचलिला. तों त्यांची नात शकूराजे, जिचे दुधाचे दात अजून पडावयाचे होते, ती अंगणातून धावत आली आणि पदर ओढून म्हणाली, "आजी, मला पण." आईसाहेब प्रसन्न झाल्या. "पाहा, रक्त कोणाचे आहे ते. ये, पहिला घोट तुझा." आणि पेला लेकराच्या ओठांकडे खाली आणिला.

मैनाराणींनी महाराजांकडे पाहिले. महाराजांच्या कपाळावर घाम आला होता, मार्गशीर्षातील थंडीत, आणि ते पोटावर हात दाबून भिंतीकडे सरकत होते. त्या क्षणी राणीसाहेबांस आईसाहेबांचे भय वाटावयाचे राहिले असे नव्हे. ते होते तितकेच होते, परंतु त्याहून मोठे भय शेजारी येऊन उभे ठाकले. आणि त्या पुढे झाल्या आणि आपला तळवा पेल्याच्या तोंडावर ठेविला.

राज्याच्या इतिहासात ऐसे कधी घडले नव्हते.

"हात काढा," आईसाहेब म्हणाल्या.

"नाही काढीत. दुधी कडू आहे. मी चाखला होता."

आईसाहेबांनी पाहिले. ते जे पाहणे, तेच. मैनाराणींचा तळवा हालला नाही. मग आईसाहेबांनी शकूराजेस मागे सारिले, पेला त्या तळव्याखालून ओढून घेतला, तर्जनी रसात बुडविली आणि जिभेस लाविली. आणि ज्या बाईने आयुष्यभर कशास तोंड वाकडे केले नाही, ती अंगणात गेली आणि तुळशीपासून दूर वाकून थुंकली, पुन्हा थुंकली, आणि पदराने जीभ पुसू लागली. तेवढ्यात आत महाराजांस उलटी झाली. मग दुसरी झाली, आणि तिच्यात रक्ताची रेघ दिसली.

पुढे जे झाले ते धावपळीचे. शेजारच्या राज्याचे वाहन आणविले, महाराजांस दोन्ही बाजूंनी धरून उतरविले, त्यांचे हात गार पडले होते आणि ओठ पांढरे, आणि तरीही ते पुटपुटत होते, "आई, मी तोंड वाकडे केले नाही." दवाखान्यात निळोपंतांनी विचारिले, "काय घेतले होते?" आईसाहेबांनी तोंड उघडले, परंतु उत्तर मैनाराणींनी दिले, "कच्च्या दुधीचा रस, भरून पेला. कडू होता." निळोपंतांचा चेहरा उतरला. "कडू दुधी विष असतो, राणीसाहेब. यास उतारा नाही. शिरेतून पाणी देत राहायचे आणि दाब सावरतो का पाहायचे." आणि पडदा ओढून घेतला.

पडद्याबाहेर बाकावर दोघी बसल्या. दुपार चढली. आत यंत्र टकटक करी, मध्येच थांबल्यासारखे होई, आणि दोघींचा श्वास त्याजबरोबर थांबे. पुष्कळ वेळाने आईसाहेब समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "चाखले होते, तर बोलला का नाहीत?"

"आपल्या भयाने."

आईसाहेबांचा हात मांडीवर होता, ज्या हाताच्या नखाने दुधी पारखला तोच, आणि तो कापत होता. मैनाराणींनी तो पाहिला, आणि आपल्या हातात घेतला. मैनाराणींचा हातही कापतच होता. दोन्ही कापणारे हात एकात एक घेऊन त्या बसून राहिल्या, तों दिवेलागणीस निळोपंत बाहेर आले आणि म्हणाले, "दाब सावरला. भूक लागली म्हणतात."

महाराज घरी आले ते वाळून. त्यांस पातळ पेज, मीठ आणि तूप घालून, मग मुगाचे कढण, मग गुरगुट्या भात, ऐसे चढत चढत अन्न दिले, आणि ते सर्व मैनाराणींनी आधी चाखले. आईसाहेबांनी नवे कलम जाहीर केले, की दुधी, काकडी, दोडका यांची चकती चाखणाऱ्याने कडू लागताच जागच्या जागी थुंकावे, मोठ्याने सांगावे, आणि ते फळ कोणी पारखून आणिले हे न विचारता फेकून द्यावे.

कलमाची पहिली परीक्षा लवकरच झाली. शकूराजेस पंगतीत काकडीची फोड दिली, तिने ती चावली आणि थुंकली, ती नेमकी आजीच्या निऱ्यांवर. सर्वांचे हात ताटात थांबले. आईसाहेबांनी निऱ्या झटकल्या आणि विचारिले, "कडू?"

"नाही. मला आवडत नाही."

आईसाहेब बराच वेळ नातीकडे पाहत राहिल्या. मग सुनेकडे वळल्या. "सूनबाई, चाखून सांगा."

मैनाराणींनी फोड तोंडात घातली, चावली, गिळली. "गोड आहे, आईसाहेब."

"मग खावी लागेल," आईसाहेब नातीस म्हणाल्या, आणि शकूराजेने तोंड वाकडे करून, हवे तितके वाकडे करून, ती खाल्ली, आणि आईसाहेबांनी त्या तोंडाकडे एकदा पाहिले व आपला घास उचलिला.

येणेप्रमाणे कडू दुधीचे वर्तमान समाप्त. त्या राज्यात पहाटेचा रस बंद झाला, कोमट पाणी चालू राहिले. हुकूम आजही आईसाहेबांचाच चालतो. मात्र चकती कापली की त्या मैनाराणींच्या तोंडाकडे पाहतात, आणि ते तोंड काय सांगते हे कळेपर्यंत सुरीस हात लावीत नाहीत.