चिंचेची हजेरी

लॅटिनची बी.ए. पदवी मिळवायला सहा सत्रं, एक प्रबंध आणि एका झाडाची हजेरी लागते. झाडाला त्याच्या लॅटिन नावाने हाक मारायची आणि त्याने परीक्षेच्या खोलीपर्यंत स्वतः चालत यायचं, असा नियम आहे.

ॲग्नेला डाबरेची ही तिसरी आणि शेवटची संधी होती. पहिल्या खेपेला तिचा वड जागचा हलला नव्हता. दुसऱ्या खेपेला फणस दोन पावलं आला आणि काहीतरी विसरल्यासारखा थांबला. वसईच्या एका शाळेने तिला नोकरी देऊ केली होती. सोमवारी पदवी दाखवली तरच. या वेळी तिने मैदानापलीकडची चिंच निवडली.

बाराला दहा कमी असताना विभागप्रमुख मस्करेन्हस मॅडम म्हणाल्या, "मार हाक."

"तामारिंदुस इंदिका!" ॲग्नेला खिडकीतून ओरडली.

चिंच ढिम्म. ती पुन्हा ओरडली. मैदानात व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींनी वर पाहिलं, चिंचेने नाही.

"गैरहजर लिहू का?" हजेरीपट घेऊन बसलेल्या सबनीस क्लार्कनी विचारलं.

"बारा वाजू द्या," मॅडम म्हणाल्या.

ॲग्नेला मनात नाव घोळवू लागली. काय चुकतंय? 'तामारिंदुस' म्हणजे नुसतं 'चिंच'. पण तिला बोलवायचं तर आपण काय म्हणू? चिंच नाही, चिंचे! अगं, संबोधन! दोन वर्षं ती झाडांना त्यांची नावं सांगत होती, हाक मारतच नव्हती. तिने गज घट्ट धरले.

"तामारिंदे! तामारिंदे इंदिका!"

चिंच दचकली. पदर आवरावा तशी तिने मुळं आवरली आणि निघाली. मुलींनी झटकन जाळी खाली घेतली. जिन्यात फांद्या घासल्याचा आवाज येऊ लागला, तशी ॲग्नेला जागच्या जागी उड्या मारू लागली. "आली! मॅडम, पहिल्या मजल्यावर आली!" मॅडम खुर्चीवर चढून दाराबाहेर पाहत होत्या.

बाराला एक मिनिट कमी असताना चिंच वाकून आत आली. सबनीसांनी हजेरीपट पुढे केला. तिने त्यावर एक पान ठेवलं. त्यांनी पानावर शिक्का मारला.

"उत्तीर्ण!" मॅडमचा आवाज चिरकला.

ॲग्नेलाने बुंध्याला मिठी मारली. मग तिला सुचलं, "मॅडम, आता हिला परत जा कसं म्हणायचं?"

"आज्ञार्थ एम.ए.ला आहे. बाहेरून करता येतं. प्रवेश आजच सुरू झालेत."

ॲग्नेला धावतच खाली गेली आणि एम.ए.च्या रांगेत उभी राहिली. चिंच तिच्या मागे उभी राहिली.

"ताई, ही तुमच्याबरोबर आहे का?" फांद्यांआडून एका बाईंनी विचारलं.

"हो."

"मग जरा पुढे सरकून घ्या दोघी."

दोघी सरकल्या.