लवंगेचा घड

दहाव्याच्या दिवशी साडेबारा वाजून गेले तरी हिरामण आप्पांच्या पिंडाला कावळा शिवेना. २००३ सालचा चैत्र, रामकुंडावर ऊन मी म्हणत होते. कावळा शिवल्याशिवाय कोणी पाणीही प्यायचे नाही, म्हणून भावकीपासून व्याह्यांपर्यंत सगळे कोरडे ओठ चाटत उभे होते.

कावळे कमी नव्हते. शेजारच्या पिंडांवर त्यांची झुंबड होती. आप्पांच्या पिंडापाशी ते येत, मान वाकडी करत आणि मागे सरत.

"आप्पांचा जीव कशात तरी अडकलाय," आप्पांचे धाकटे भाऊ बारकूनाना म्हणाले. "मनोज, तू बोल. तुलाच ठावं."

ठाऊक सगळ्यांनाच होते. पेटीतली द्राक्षे सडू नयेत म्हणून आप्पांचा मुलगा मनोज औषधाचा रासायनिक कागद घाली. दिंडोरीत त्या कागदाचे दुकानही त्याचेच. आप्पा मात्र साध्या कागदाला लवंग-दालचिनीचे तेल लावून पेट्या बांधत. तेलाच्या पहिल्याच हंगामात पंधरा पेट्यांना बुरशी आली, तेव्हा मनोज चारचौघांत म्हणाला होता, "आप्पा, द्राक्षं इकायची हायेत का मसालेभात करायचा हाय?" त्यानंतर दोन वर्षे बापलेक बोलले नाहीत.

अंथरुणाला खिळण्याआधी आप्पांनी बांधलेली शेवटची पेटी मनोजने आज सकाळी फोडली. पंचवीस दिवसांत एक मणी नासला नव्हता. मग त्यातलाच एक घड घाटावर आणून त्याने पिंडावर ठेवला.

आता त्याने हात जोडले. "आप्पा, आईला अंतर देणार नाय."

कावळा लांबच.

"तुमच्या तेलाच्या प्रयोगाला एक एकर सोडतो."

कावळा दोन पावले पुढे आला आणि थबकला.

"एकरावर नाय ऐकायचे ते," नाना पुटपुटले.

"दोन एकर."

कावळ्याने चोच झटकली.

"बरं, सगळी बाग. कागदाचं दुकान बी बंद करतो. चुकलं माझं, आप्पा. आता तरी या." कावळा उडून शेजारच्या पिंडावर बसला.

गुरुजींनी घड्याळ पाहिले. "दर्भाचा कावळा करून शिववू का? शास्त्रात सोय आहे."

"थांबा, गुरुजी." आप्पांच्या पत्नी वत्सलाबाई सकाळपासून जप करत गप्प होत्या. त्या सुनेकडे वळल्या. "ज्योत्स्ना, पलीकडं गाडीवाला हाय. त्याच्याकडून एक घड आण. कसला बी चालंल."

घड आला. वत्सलाबाईंनी लवंगेचा घड उचलून पदरात घेतला आणि बाजारचा ठेवला. त्या मागे सरतात न सरतात तोच कावळ्याने मणी उचलला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

मनोज त्या घडाकडे बघत राहिला. देठाला औषधाच्या कागदाचा कपटा चिकटला होता. त्याच्याच दुकानातला.

"आई, कावळ्याला लवंगेचा वास नको होता? तुला ठावं होतं?"

"तेल मीच लावायचे की. ओट्यावरच्या पेट्यांना कावळा कधी शिवला नाय."

"मग आधी का नाय सांगितलं?"

"दोन वर्षांनी तू त्यांच्याशी बोलत होतास. मधी कशी बोलू?"

मनोज खाली बघू लागला. "पण बाग... दुकान..."

"शब्द कावळ्याला दिलास का त्यांना?"

वत्सलाबाईंनी पदरातला एक मणी तोडून त्याच्या हातावर ठेवला.

"आधी पाणी पी," त्या म्हणाल्या. "कोरड्या घशाला झोंबतो."