मुकादम जिन्यात बसतो

कुत्र्याचं दुखणं ओळखावं ते आम्हीच. नाक, कान, हिरड्या यांच्यावर एक नजर टाकून मी चहा पिता पिता निदान करतो. त्यामुळे मुकादम जिन्यात बसायला लागला, तेव्हा घरात पहिला मीच गंभीर झालो.

मुकादम म्हणजे आमचा नऊ वर्षांचा कुत्रा. घरात कोण काय काम करतंय, यावर दिवसभर देखरेख ठेवतो म्हणून हे नाव. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. संध्याकाळी फिरून आलो की स्वारी आधी दुसऱ्या मजल्यावर बसायची, मग पहिल्यावरही बसायला लागली. मी शेजारी टेकून त्याच्या छातीवर हात ठेवायचो. धडधड चांगलीच जाणवायची.

"त्याचं वय झालं गं," मी बायकोला सांगितलं.

"सकाळी माझ्याबरोबर तर उड्या मारत चढतो."

"दुखणं लपवतात कुत्री. तुला नाही कळायचं."

उपचार मी स्वतःच सुरू केले. सांध्यांना मालीश केलं, त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभा राहिलो, त्याचं जेवण निम्म्यावर आणलं. मुकादमाने रिकाम्या ताटलीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं. तक्रार केली नाही. शेवटी ठरवलं, याला उचलूनच वर न्यायचं. सव्वीस किलोचा ऐवज माझ्या खांद्यावर मान टाकून पहिल्या मजल्यापर्यंत निमूट आला. तिथे मी जो बसलो, तो शेजारीणबाई पाणी घेऊन येईपर्यंत उठलो नाही. मुकादम माझं कपाळ चाटत होता. बिचारा स्वतः आजारी, आणि माझी काळजी करतोय, या विचाराने मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आमच्या लेकीच्या वयाची मुलगी. तिने त्याचे पाय वाकवून पाहिले, हृदय ऐकलं, जबडा उघडला.

"दातांवर कीटण आहे, घासत जा. बाकी ठणठणीत आहे."

"नीट बघा हो," मी म्हणालो. "जिना चढवत नाही त्याला."

"मग चढवून बघू. काकू, जरा इथल्या जिन्याने गच्चीपर्यंत नेऊन आणा."

मुकादम वाऱ्यासारखा वर गेला आणि बायकोला ओढत खाली आला.

"आता काका, तुम्ही."

आठव्या पायरीवर मुकादमाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि बसला. मीही बसलो. डॉक्टरीणबाई त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"काका, तो दमत नाहीये. तुम्हाला धाप लागली की तो थांबतोय. दोन पायांचे पेशंट मी घेत नाही, पण तुम्ही आजच तुमच्या डॉक्टरांकडे जा."

बायकोच्या एका हातात मुकादमाचा पट्टा होता आणि दुसऱ्या हातात माझं मनगट. त्यातलं मनगट तिने जास्त घट्ट धरलं होतं.

पुढे माझ्या हृदयाचा आलेख निघाला, गोळ्या सुरू झाल्या, आणि दोन महिन्यांत धाप पुष्कळ कमी झाली. मुकादमाला मात्र हे अजून पटलेलं नाही. तो प्रत्येक मजल्यावर बसतो आणि माझी वाट बघतो. मग त्याचं मन मोडू नये म्हणून मीही जरा टेकतो.

निदान बायकोला तरी मी असंच सांगितलंय.