वानखड्यांचा पाचवा भाग

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले वानखडे सिनेमाचं वजन सांगतात. चांगला, वाईट, एकदा बघायला हरकत नाही, असले शब्द त्यांच्याकडे नाहीत. गेल्या दिवाळीत टीव्हीवर एक कौटुंबिक चित्रपट लागला होता. आमची ही पदराला डोळे पुसत होती, आणि चहाला आलेले वानखडे शेवटी म्हणाले, "भरला नऊ टन, रिकामा पावणेनऊ." त्यानंतर आठवडाभर आमच्या घरात त्यांचं नाव काढायची सोय नव्हती.

वानखडे मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर बसतात. मालाचा ट्रक भरून येतो, काट्यावर उभा राहतो, वजन होतं. माल उतरवून तोच ट्रक रिकामा येतो, पुन्हा वजन होतं. मधला फरक तो माल. पंचवीस वर्षं हे एकच काम केल्यावर माणूस जगाकडे दुसऱ्या कुठल्या नजरेनं बघणार? "भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा कराची, सर. उरला तो माल. बाकी सारा पत्रा अन् टायर." मला ते सर म्हणतात, कारण मी शाळेत भूगोल शिकवायचो. ते मूळचे यवतमाळचे. बिबवेवाडीत येऊन एवढी वर्षं झाली, पण त्यांची बोली काही पुण्याची झाली नाही, आणि मला त्याचं बरंच वाटतं. इथे शुद्ध बोलून अपमान करणारे पुष्कळ आहेत.

या माणसाच्या काट्यावर ज्यांचं वजन कधीच कमी भरलं नाही असे चित्रपट जगात चारच. इंग्रजी साहसपटांची एक मालिका आहे. तिचं खरं नाव लांबलचक आहे. वानखडे नुसतं 'कप्तान' म्हणतात. बुडालेली जहाजं शोधणारा एक उंचापुरा माणूस, त्याचा दोर, त्याचा कंदील आणि प्रत्येक भागात एक पेटी. वानखड्यांनी हे सगळं हिंदीत पाहिलं. पहिले दोन भाग यवतमाळला आणि पुढचे दोन पुण्यात. मूळ इंग्रजी आवाज कोणीतरी त्यांना ऐकवला तेव्हा म्हणाले, "हा कोणाचा आवाज लावला जी याले?"

आमची लिफ्ट एकदा बंद पडली. आत वानखडे आणि सोसायटीच्या सेक्रेटरींच्या पत्नी. चाळीस मिनिटं वानखड्यांनी धीर म्हणून त्यांना दुसरा भाग सांगितला, संवादांसकट. "घबराना नहीं, रास्ता पत्थर में भी होता है," हे वाक्य खाली पार्किंगपर्यंत ऐकू येत होतं. बाहेर आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "लिफ्टबद्दल माझी काही तक्रार नाही."

मी स्वतः ही मालिका सहन करत आलो आहे. एका भागात हे कप्तान पश्चिम किनाऱ्यावर उभे राहून समुद्रातून उगवणारा सूर्य बघतात. मी ते दाखवून दिलं. वानखडे शांतपणे म्हणाले, "तुम्ही सूर्याकडे पाहून राहिले, सर. लोकं कप्तानाकडे पाहतात."

वानखड्यांची बायको गेली तेव्हा मुलगा सुजय चौथीत होता. दोघंही एकमेकांशी काय बोलावं ते न कळून घरात बसून असत. रविवार तर जाता जात नसे. त्या वर्षी तिसरा भाग आला, आणि बाप त्याला घेऊन गेला. येताना दोघंही बोलत आले, जिन्यात, दारात, दार लावून घेतल्यावरही. पुढे चौथा भाग आला. तो मालिकेतला सगळ्यात फुसका, हे वानखडेही मानतात, पण तो त्यांनी सुजयबरोबर तीनदा पाहिला. आपण पाचवा आला की पहिल्याच दिवशी जायचं, असं दोघांचं ठरलं होतं. पाचवा आलाच नाही. अठरा वर्षं गेली. सुजय शिकला, हिंजवडीत नोकरीला लागला, आणि दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेला.

भांडण कशावरून झालं ते मी जिन्यातून ऐकलं आहे. सुरुवात गिझरवरून झाली. गिझर चालू राहिला, मग वीज, मग तुम्ही माझं कधी ऐकता, मग तू मले शिकवू नको. शेवटी वानखडे म्हणाले, "मंग जा." तो गेला. वाकडला खोली घेऊन राहतो. तेव्हापासून दिवाळीला आणि वाढदिवसाला मोबाइलवर एक निरोप येतो, त्यात दोन शब्द आणि एक फूल. वानखडे ते फूल मला दाखवायला आणतात.

अशात यंदा पाचव्या भागाची जाहिरात आली. कप्तान आता सत्तरीचा. पांढरी दाढी, हातात काठी. आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना ऊत आला. "काका, आजोबा आता खजिना शोधणार की कवळी?" वानखडे त्यांच्यावर चिडले नाहीत, याचंच मला आश्चर्य वाटलं. आमच्या घरात आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सर, आता तरी पोरगा फोन करीन."

फोन आला नाही. वानखड्यांनीही केला नाही, कारण 'मंग जा' त्यांनी म्हटलं होतं, आणि असं म्हणणाऱ्यानं आधी फोन कसा करायचा हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्या शुक्रवारी त्यांनी रजा घेतली. इस्त्रीचा शर्ट घालून साडेदहाला निघाले, तीनला आले. संध्याकाळी त्यांच्या मोबाइलच्या स्टेटसवर चित्रपटाचं पोस्टर, आणि खाली: 'पाहिला. बावीस टन.'

बावीस टन हा आकडा त्यांनी याआधी कशालाच दिला नव्हता. मग पंधरा दिवस बिल्डिंगमध्ये धुमश्चक्री चालली. पोरं म्हणत, संथ आहे, कप्तान पळत नाही. वानखडे म्हणत, सत्तरीत तुमचा बाप पळतो काय? पोरं म्हणत, गोष्टच नाही. वानखडे म्हणत, तुमच्या डोक्यात कुठं मावीन ती गोष्ट. रोज ते तेच स्टेटस पुन्हा लावत, रात्री ते कोणी कोणी पाहिलं ती यादी काढून बसत, आणि त्यात सुजयचं नाव होतं हे मला तीनदा सांगून झालं होतं.

मग त्यांनी माझ्या नावाचं एक तिकीट काढून आणलं. "सर, तुम्ही एकदा पाहून या. मंग बोलू." मी नको नको म्हणत गेलो. अडीच तास बसलो. शेवटी ती पेटी उघडते आणि रिकामी निघते. घरी येईतो माझं डोकं उठलं होतं, आणि दारात वानखडे उभे.

"सांगा," ते म्हणाले.

"काय सांगू? तुम्ही पाहिलाय ना?"

"तुमच्या तोंडून ऐकतो. पहिल्यापासून सांगा. कप्तान पहिल्यांदा दिसते तवा काय घातलं राहते?"

आत बसून मी सांगत गेलो. ते एकेक खोदून विचारत होते. चालतो कसा, काठी कोणत्या हातात, हसतो का. पाहिलेल्या माणसाचे हे प्रश्न नव्हेत. मास्तरकीत एक गोष्ट पक्की शिकलो होतो, धडा न वाचता आलेलं पोरगं प्रश्नाला प्रश्न विचारतं. मी म्हटलं, "आणि तो शेवटी बर्फातला प्रसंग, तो मात्र छान घेतलाय, नाही?"

"एक नंबर," वानखडे म्हणाले. "बर्फ तर काय दाखवला जी."

चित्रपटात बर्फाचा कणही नव्हता. मी नुसता बघत राहिलो. त्यांच्या लक्षात आलं. खुर्चीच्या दांडीवर हात फिरवत बसले, मग म्हणाले, "नाही पाह्यला, सर. त्या दिवशी थेटरात गेलतो. बाहेर बाकावर बसलो. म्हटलं, पोरगा पहिला शो सोडत नाही, येईन. तीन म्हातारे आले, चार पोरी आल्या, तो नाही आला. आत एकट्यानं जाववलं नाही."

"मग ते स्टेटस?"

"त्याले वाटू नाही का बाप वाट पाहत बसला म्हून. अन् ते पाहून तरी तो फोन करीन, कसा वाटला इचाराले."

मला त्यांचा राग आला. त्याहून जास्त वाईट वाटलं. मी म्हटलं, सरळ फोन करा, बरोबर जाऊन बघा. ते हो म्हणाले, आणि आठवडा तसाच घालवला.

गुरुवारी मी गूळ आणायला मार्केट यार्डात गेलो होतो, तो काट्यावर डोकावलो. केबिनमध्ये पंखा, संगणक आणि वानखडे. "उद्या उतरते पिच्चर," ते म्हणाले. "आज संध्याकाळचा एक खेळ उरला." मी त्यांचा मोबाइल उचलून त्यांच्या हातात दिला. काट्यावर कांद्याचा ट्रक होता आणि हात मोकळे नव्हते, म्हणून त्यांनी सुजयचा नंबर लावला आणि आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"हॅलो बाबा? सगळं ठीक ना?"

"ठीक हाय. जेवला?"

"हो. काय झालं?"

"काही नाही. कप्तान उतरून राहिला उद्या."

मग सुजय म्हणाला, "हो ना. तुम्ही तर फर्स्ट डेलाच पाहिलात. स्टेटस बघितलं मी. खरं सांगू का, मी रविवारची दोन तिकिटं बुक केली होती. म्हटलं तुम्हाला सरप्राइज देऊ, घ्यायलाच येऊ. मग स्टेटस दिसलं, म्हटलं आता काय. टीममधल्या एकाला घेऊन गेलो."

वानखड्यांचा हात कीबोर्डवर होता तसा राहिला. मी खुणा केल्या, सांगा, आत्ता सांगा. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"कसा वाटला मंग तुले?" त्यांनी विचारलं.

"ठीक होता. स्लो आहे. आणि ती पेटी रिकामी निघते, ते काही मला पटलं नाही."

"नाही बेटा, तिथंच तर समदा माल हाय," वानखडे म्हणाले, आणि सुरू झाले. कप्तान पायरीवर कसा बसतो, गुडघा कसा धरतो, काठी डाव्या हातात का. मी वैतागून सांगितलेलं सगळं त्यांच्या तोंडून निराळंच होऊन येत होतं. मी बघितला तो चित्रपट एवढा चांगला नव्हता. बाहेर कांद्याचा ट्रक हॉर्न वाजवत होता. सुजय मध्येच "नाही हो बाबा" म्हणायचा, मग हसायचा, मग त्यानंही एक प्रसंग सांगितला आणि वानखडे "हा, हा, तोच" म्हणाले. दहा-बारा मिनिटं असं चाललं. शेवटी तो म्हणाला, मीटिंग आहे, ठेवतो, येईन एकदा. कधी ते म्हणाला नाही.

मी म्हटलं, "अहो, सांगायचं होतं ना पाहिला नाही म्हणून. संध्याकाळचा खेळ आहे. आला असता तो."

"आला असता," वानखडे म्हणाले. "पण मंग त्याले त्या रविवारचं किती लागलं असतं, सर."

त्यांनी ट्रकवाल्याला हात करून गाडी पुढे घ्यायला सांगितलं. पावती फाडली, खिडकीतून दिली. मागचा ट्रक काट्यावर चढत होता, पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं.

"दोन तिकिटं काढली होती त्यानं," ते म्हणाले.