गायधनी काकांची उत्तरेची भिंत

गायधनी काका आमच्याकडे आले की आधी खुर्चीवर चढतात. पाणी, चहा, 'कसे आहात' हे सगळं नंतर. दाराशी चपला काढायच्या, जेवणाच्या टेबलाची खुर्ची एसीखाली ओढायची, जाळीवरून बोट फिरवायचं आणि ते काळं बोट माझ्या नवऱ्याच्या नाकासमोर धरायचं. "ही यंत्राची फुफ्फुसं आहेत. गुदमरवताय तुम्ही त्याला!" नवरा बिचारा तेवढ्यापुरता गुन्हेगार होतो.

काका मूळचे नाशिकचे. तीस वर्षं इथे कतारमध्ये, दोह्यातल्या इमारती थंड ठेवण्याचं काम करतात आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात. काकू गेल्यापासून एकटेच. मुलगी मुग्धा अमेरिकेत. दर शुक्रवारी तिचा फोन यायचा. "जेवलात? गोळी घेतलीत? बरं." खलास. दोन मिनिटांत आटपायचा.

मग मुग्धानं तिकडे घर घेतलं आणि घर तापवायची जुनी भट्टी काढून हीट पंप, म्हणजे उलटा चालणारा एसी, बसवायचं ठरवलं. असं वीज वाचवणारं यंत्र बसवलं तर तिथलं सरकार टॅक्समध्ये सूट देतं, पण ती योजना वर्षअखेर बंद होणार होती. झालं, काकांच्या अंगात आलं. फोन तासभर चालू लागले. लिफ्टमध्ये, हळदीकुंकवात, मुशैरिब स्टेशनवर मेट्रो बदलताना, जो सापडेल त्याला काका ती सूट समजावून सांगत. इथे पगारावर टॅक्सच नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला शेंडाबुडखा कळत नसे. "काका, आपण टॅक्स भरतच नाही, तर सूट कसली?" असं मी एकदा विचारून बसले. त्या दिवशी माझी आमटी करपली.

यंत्र कुठलं घ्यायचं, त्यावर लेबल कुठलं हवं, फॉर्मच्या कुठल्या ओळीत काय लिहायचं, सगळं काकांनी ठरवलं. जागासुद्धा. "बाहेरचं युनिट उत्तरेच्या भिंतीला, सावलीत. उन्हात ठेवलंस तर मेलं समज!" तिथला बसवणारा माणूस दक्षिणेची भिंत सांगत होता. "त्याला काय कळतंय? तीस वर्षं घासलीयत मी इथे."

यंत्र वेळेत बसलं, कागद पूर्ण झाले. काका पेढे घेऊन आले, पण चेहरा उतरलेला. "झालं गं स्मिता काम. आता काय विचारणार ती मला?"

जानेवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी मी डबा द्यायला गेले, तेव्हा त्यांचा व्हिडिओ कॉल चालू होता. तिकडे सकाळ. मुग्धा कानटोपी घालून अंगणात उभी, हातात फावडं. "बाबा, एक मिनिट हं, युनिटभोवतीचा स्नो काढते."

"रोज काढतेस?"

"इकडे ऊन येत नाही ना, वितळतच नाही. इट्स ओके, बाबा."

काकांनी फोन डोळ्यांजवळ नेला. जन्मभर ते उन्हाशी भांडत आले होते. ऊन हवंसं वाटणारं घर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. "तो माणूस बरोबर सांगत होता. त्याचं का नाही ऐकलंस?"

"तुम्ही कित्येक दिवसांनी इतकं भरभरून बोलत होतात, बाबा. मध्येच कशी तोडू?"

काकांनी चष्मा काढला. "मी येतो. आपण हलवू ते युनिट. तोवर फावडं मी धरीन." मुग्धा दर वर्षी बोलवायची आणि 'इमारतींची कूलिंगची यंत्रं सोडून कसा येऊ' म्हणून काकाच टाळायचे.

तिनं फोन कठड्यावर आडवा ठेवला. स्क्रीनवर नुसतं पांढरं आभाळ. नाक पुसल्याचा आवाज आला. मग, "नक्की ना, बाबा?"

 काका आपले मान हलवत राहिले, आणि तिला ते दिसत नव्हतं. शेवटी मीच फोनजवळ तोंड नेलं आणि सांगितलं, "हो म्हणताहेत गं."