डोमाजीकाकांची हळू गाडी

डोमाजीकाकांच्या गाडीला सायकलवरचा दूधवाला रोज मागे टाकतो. एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण एकदा तिला बकऱ्यांच्या कळपानेही मागे टाकलं, आणि काकांनी हात दाखवून बकऱ्यांना वाट दिली.

ही गाडी म्हणजे चार जाडजूड चाकं आणि वर मोटरसायकलचं हँडल. तलावाकाठच्या एका रिसॉर्टमध्ये ती पाहुण्यांना फिरवायची. रिसॉर्ट बंद पडलं आणि काकांनी तिला भंगारातून सोडवून आणलं. तेव्हा ती वाऱ्यासारखी पळायची. काकांना नेमकं तेच खटकलं.

"कायले पळते एवढी? दौड नोको, जोर पाह्यजे!"

चेन ज्या दातेरी चकत्यांवर फिरते, ती स्प्रॉकेटं. पुढचं लहान आणि मागचं मोठं बसवलं की वेग घटतो, जोर वाढतो. हे ज्ञान काकांनी मला माझ्याच किराणा दुकानाच्या पायरीवर, माझ्याच चहाच्या बशा मांडून दिलं. समजलं म्हटलं तरी पुन्हा दिलं. त्यात एक बशी फुटली.

गावच्या वरातींना मात्र या गाडीला तोड नव्हती. नवरदेव बँडच्या पुढे निघून जाण्याची भीतीच नाही. एका नवरदेवाने तर मुहूर्त टळेल म्हणून मधेच उडी मारली आणि पायीच मांडव गाठला. काका रिकामी गाडी घेऊन पंगतीच्या वेळेला पोचले. "मुहूर्त गेला तं गेला, जेवन तं भेटलं," म्हणाले.

पण हा सगळा खटाटोप वरातींसाठी नव्हता. तो त्यांच्या बायकोसाठी, भागरथीकाकूंसाठी होता.

आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिथल्या मातामायचा ओटा उघडा पडतो, आणि माणसं गाळ तुडवत जाऊन आपल्या ग्रामदेवीला ओटी-नारळ देऊन येतात. सरकारने वसवलेल्या नव्या गावातही आम्ही मातामाय बसवली आहे, पण काकूंचं मन तिथे रमलं नाही. "ही सरकारी माय व्हय," म्हणायच्या. "मी नवरी होऊन आली तं पह्यले तिच्या पाया पडली. एकडाव भेटू द्या मले तिले." काकूंचे गुडघे गेले होते. गाळात त्यांना पाऊल टाकता येत नव्हतं, आणि बैलबंडी तर पहिल्याच उतारावर रुतायची.

गाडी आली त्या उन्हाळ्यात काका त्यांना मागे बसवून निघाले. निम्म्या वाटेत गाडी गुरगुरली आणि बंद पडली. आम्ही काकूंना खाटेवर घालून परत आणलं. काकू हसत होत्या. दुसऱ्या दिवशी काका भंडाऱ्याला जाऊन आणखी मोठं स्प्रॉकेट घेऊन आले.

मग पावसाळाभर धानाच्या चिखलभरल्या बांधीत चाचण्या चालल्या. काका पुढे, काकू मागे, आणि बांधावर आम्ही फुकटे प्रेक्षक.

"उतरू द्या न मले. लोक हासून राह्यले."

"हासू दे. तू बस. तुह्या वजनावर बसवून राह्यलो मी हे."

एक दिवस गाडी चिखलातून शांतपणे चालत बाहेर आली. काकूंनी लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. आता फक्त उन्हाळा यायचा बाकी होता.

धानकापणीच्या दिवसांत तापाचं निमित्त झालं आणि काकू गेल्या.

काका आता गाडी विकून टाकतील असं मला वाटलं होतं. पण यंदा पाणी ओसरलं, तशी एका सकाळी त्यांनी ती बाहेर काढली. हातात नारळ, आणि काकूंनी मातामायच्या ओटीसाठी पेटीत जपून ठेवलेला खण. ओटी बायांनी भरायची असते, असं कोणीतरी म्हणालं.

"मी भरून नाही राह्यलो," काका म्हणाले. "तिची पोचवून राह्यलो."

मी मागोमाग चालत गेलो. गाळ लागला आणि गाडीची मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरू लागली. मी धावत जाऊन ढकलायला लागलो.

"ढकलू नोको. मांगं बस," काका म्हणाले. "मांगं वजन पाह्यजे. समदं तिच्या हिशेबानं बसवलं हाय."

मी बसलो. काकांनी गाडी हलवली नाही. मागे न बघता म्हणाले, "जरासा डाव्या अंगाले सरक, बाबू. ती तिकडं बसे."

मी सरकलो. मला काही केल्या रडू आवरेना. गाडी आपल्या बकऱ्यांच्याही मागे राहणाऱ्या चालीने निघाली, आणि कुठेही रुतली नाही.

ओट्यावर गाळ वाळला होता. काकांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने मातामायचा दगड पुसला, त्यावर खण घातला, नारळ ठेवला. हात जोडले.

"आनलं व माय," ते म्हणाले. "गाडी हळू हाय माही. उशीर झाला."